प्रकरण चौदावे : वाटेतला माल

पोच आली तेव्हा घरची थोरली सून खोली नंबर एकच्या दाराशी उभी होती. दाराशेजारच्या झरोक्याच्या काचेला आतून लागून टांगलेला थर्मामीटर वाचत होती. वजा अठरा. तिने वहीत लिहिलं, वजा अठरा. खरं तर वाचायचीही गरज नव्हती. चौतीस वर्षं दिवसातून तीनदा तोच आकडा लिहून तिच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली होती, की झोपेत कोणी हाताशी पेन्सिल दिली असती तरी तिने तोच लिहिला असता.

शीतगृहाच्या आवारातल्या बाकीच्या अकरा खोल्या नव्या होत्या. पत्र्याच्या भिंती, आपोआप सरकणारी दारं, लाल दिव्यांत चमकणारे आकडे. खोली नंबर एक मात्र पहिलीच, तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी स्वतः बांधलेली. बुचाच्या भिंती, वीतभर जाड लाकडी दार, लोखंडी कडी आणि स्वतःचं वेगळं मशीन. ते मशीन चालताना कफ झालेल्या म्हाताऱ्यासारखं खाकरायचं. आत माल ठेवायचं एक लाकडी पॅलेट, आणि पॅलेटवर एक खोकं. दहा किलो सोललेले मटार.

हे खोकं कसलं ते या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. अण्णांचा नियम होता : समुद्रापार जाणाऱ्या प्रत्येक मालातलं एक खोकं मागे ठेवायचं. तिकडून पोच आली, की ते फोडायचं, मटार वाफवायचे, वर मीठ टाकायचं आणि घरच्या सगळ्यांनी एका टेबलाशी बसून खायचे. जे लोकांना पाठवलं ते आपल्याही घशाखाली उतरलं पाहिजे. पोच येईपर्यंत मात्र माल 'वाटेत'. वाटेतल्या मालाच्या खोक्याला हात लावायचा नाही, त्याची खोली बंद करायची नाही. आता माल थंड कंटेनरमधून जाई, दर तासाचं तापमान फोनवर दिसे आणि पोच तीन आठवड्यांत येई. चौतीस वर्षांत हजारांनी खोकी फुटली आणि खाल्ली गेली. एवढं एक राहिलं.

त्या काळी मालासोबत घरचा एक माणूस जाई, आणि त्या मालाबरोबर थोरलीचा नवरा गेला होता. म्हणजे तोही वाटेतच.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे 'हयात' किंवा 'मयत' यावर खूण करायची होती. थोरलीने दोन्ही खोडून 'वाटेत' लिहिलं होतं. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. तिने त्यांना शीतगृहाच्या धंद्यातली रीत नीट समजावून सांगितली. पुढे त्यांनी कधी बोलावलं नाही.

"ताई, जरा बसता का?"

मागे जाऊ उभी होती. अंगात पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, हातात एक कागद. प्रत्येक मालातलं मूठभर काढून तपासायचं हे तिचं काम. आवारात तिला सगळे नमुनाबाई म्हणत, आणि सगळे तसं म्हणतात हे तिला माहीत होतं.

"बसायला सांगतेस म्हणजे कोणीतरी गेलं," थोरली म्हणाली. "अण्णा का?"

"अण्णा मघाशीच मला म्हणाले, चहा गार आहे, बहुतेक तू केलास. ठणठणीत आहेत." जाऊने कागद पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "गेलं नाही कोणी. पोचलंय."

कागद छपाईयंत्रातून नुकताच निघाला होता, अजून कोमट होता. पण त्यावर उमटलेलं चित्र जुन्या कागदाचं होतं. चार घड्यांच्या खुणा, एक कोपरा उडालेला, वर त्यांच्या कंपनीचा जुना शिक्का. अण्णांनी छापून घेतलेला पोचेचा फॉर्म, आता कोणी वापरत नाही तो. वरच्या अर्ध्या भागात निळ्या शाईतलं अक्षर थोरलीचं होतं. चोवीस वर्षांच्या, सहाव्या महिन्यातल्या, त्या सकाळी रडून रागावलेल्या थोरलीचं. 'सोललेले मटार, गोठवलेले. तापमान वजा अठरा. खोकी १०८०. सोबत घरचा माणूस : एक.'

खालचा अर्धा भाग माल घेणाऱ्याने भरायचा असतो. तिने तो कोरा पाठवला होता. आता तो काळ्या शाईत भरलेला होता. सरळ, सावकाश, कसलीही घाई नसलेलं अक्षर. 'मिळाल्याची तारीख', आणि पुढे कालचा सोमवार. 'तापमान वजा अठरा. खोकी १०८०, पूर्ण. सोबतचा माणूस : उतरला.' खाली सही. सहीतून नाव काही लागत नव्हतं.

जाऊची नजर 'उतरला' या शब्दावर होती. थोरलीची एक ओळ वर. ती 'पूर्ण' हा शब्द वाचत राहिली आणि तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. कोणाच्याच लक्षात आलं नाही. पेन्सिली पडतातच.

दुपारी बाराला सगळे पॅकिंग हॉलमागच्या जेवणाच्या खोलीत जमले. सगळे म्हणजे पाच जण. अण्णा चाकाच्या खुर्चीत, स्वेटरवर स्वेटर घालून. हमाल पाठीमागे त्यांना 'वजा अठरा' म्हणत आणि नव्वदीतही ते नाव त्यांनी सार्थ ठेवलं होतं. त्यांच्या उजवीकडे धाकटा मुलगा, थोरलीचा दीर. आता सगळा कारभार त्याच्याकडे होता. मग जाऊ. मग थोरलीची लेक, मशीनवाली. कमरेच्या पट्ट्याला कायम पाना लटकलेला, म्हणून तिचं नावच पाना पडलं होतं. ती उभीच राहिली. तिच्या कपड्यांना तेलाचा आणि गॅसचा वास येत होता आणि जाऊबाईंच्या टेबलाला डाग पडलेले चालत नसत.

दिराने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे त्या दूरच्या बंदरातल्या गोदामाचा कारकून होता. सर्दी झाल्यासारखा बोलत होता.

"आम्ही जुनं गोदाम रिकामं करतोय," तो म्हणाला. "पाडणार आहेत. कपाटातले जे कागद अर्धवट राहिलेत ते पूर्ण करून बंद करा असा वरून हुकूम आहे. तुमचा सापडला, पाठवला."

दिराने हुश्श केलं. "बघा. मी म्हटलंच होतं. म्हणजे तुम्हीच भरलात खालचा भाग. सगळीकडे 'मिळालं, मिळालं' करून टाकलं."

"नाही हो. भरलेलाच होता. भरलेले मी फक्त पाठवतोय."

"पण तारीख कालची आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. 

"हो," कारकून म्हणाला. "कालची आहे."

"काल कोण होतं ड्युटीवर?"

"काल आमच्याकडे सुट्टी होती."

जाऊ पुढे वाकली. "आणि तो सोबतच्या माणसाचा रकाना? 'उतरला' म्हणजे काय लिहिलंय तिथे?"

"बाई, तो रकाना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. मालाबरोबर माणूस कोण पाठवतो?" त्याने नाक ओढलं. "ज्यांनी माल पाठवला त्यांनी खाली 'पोच मिळाली' अशी सही करून कागद परत धाडा. म्हणजे इथून बंद. आज धाडलात तर बरं. उद्यापासून इथे कोणी नसेल."

फोन बंद झाला.  भिंतीपलीकडून खोली नंबर एकचं मशीन खाकरलं.

"मूर्खपणा आहे," दीर म्हणाला. "त्या वेळी एक प्रत टपालाने पुढे जायची. ती कुठल्या तरी खणात पडली असेल, कोणी तरी गंमत केली असेल. फाडून टाका. विषय संपला."

पानाने त्याच्याकडे पाहिलं. "काका, गेली दहा वर्षं मी तुमच्या तोंडून एकच ऐकतेय. खोली नंबर एक बंद करा, तिथे नवीन फ्रीझर बसवू. आता पोच आलीय. सही झाली की नियमाप्रमाणे खोली बंद. तुम्हीच फाडा म्हणताय?"

"मी... असल्या कागदावर बंद नको."

"मग कसल्या? त्या मशीनला मी आता चिंध्या बांधून चालवतेय. परवा गॅस सुटला, माझे डोळे दोन तास उघडत नव्हते. तपासनीस या महिन्याअखेर येतोय. तो काय विचारणार, आत काय आहे? मी काय सांगू, मटार? एक खोकं?"

"अगं, पण बंद केली आणि काही झालं तर?" हे जाऊ म्हणाली, आणि सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, कारण जाऊ प्रयोगशाळेतली, ती काचेखाली दिसेल तेवढंच मानायची. ती लाल झाली. "म्हणजे, ही खोली चालू असताना आपला एकही माल खराब झाला नाही. एकही. मी आकडे काढलेत एकदा. असं होत नाही कुठे."

"तूसुद्धा?" दीर म्हणाला.

"मी नुसतं सांगतेय."

अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. फार जोरात नाही. "ताप नव्हता तुला," ते म्हणाले.

दिराचा चेहरा एकदम पडला.

"त्या मालाबरोबर जायची पाळी तुझी होती," अण्णा म्हणाले. "तू पांघरुणात शिरून कण्हत होतास. मी तुझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता. गार होतं. मला कळलं होतं. तरी थोरल्याला पाठवलं, कारण तो 'का' म्हणून विचारत नसे. इतकी वर्षं तू ती खोली बंद करा म्हणून ओरडतोस आणि दर वर्षी गुपचूप तिच्यासाठी सुटे भाग मागवतोस. मला काय कळत नाही? मालाच्या पावतीवर, बिल्टीवर, माझंच नाव असतं."

दीर खाली बघत बसला. त्याचं वय साठीला टेकलं होतं. त्या क्षणी मात्र तो पांघरुणातला वाटत होता. जाऊने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोरलीला ते दिसलं, आणि तिला दोघांचीही माया आली, आणि माया आल्यामुळे जास्तच भीती वाटली. आता सगळे आपापलं ओझं उतरवायला लागले होते. तिची पाळी येणार होती.

"सही वहिनींची लागेल," दीर घसा साफ करून म्हणाला. "वरचं अक्षर त्यांचं आहे. मी काय, कोणी काय, त्यांना सांगू शकत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर चालू राहील खोली. मी बघतो तपासनिसाचं."

"आई," पाना म्हणाली. तिने पट्ट्यातून पाना काढला आणि तो हातात नुसताच फिरवत राहिली. "सही कर. मी तेहेतीस वर्षांची झाले. सगळ्यांचे बाप असतात नाही तर नसतात. माझा एकटीचा वाटेत आहे. मी रोज त्या मशीनला तेल घालते तेव्हा मला वाटतं मी त्याला जेवू घालतेय. पुरे झालं ना आता."

थोरलीने कागद समोर ओढला. सही केली की नवरा पोचला. पोचला म्हणजे चौतीस वर्षांत एक पत्र न लिहिता पोचला, म्हणजे कसा पोचला ते शहाण्या माणसाला विचारावं लागत नाही. सही केली की ती विधवा. त्याची तिला भीती नव्हती. विधवेसारखी ती किती तरी वर्षं राहत होतीच, फक्त तेवढं कबूल केलं नव्हतं.

"मी नाही सही करणार," ती म्हणाली.

"वहिनींचा जीव आहे त्याच्यात," दीर हलकेच म्हणाला. जाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. पानानेसुद्धा मान फिरवली. त्यांना वाटलं, हे प्रेम आहे. तिने ते तसंच राहू दिलं असतं. चौतीस वर्षं राहू दिलंच होतं.

पण अण्णांनी हात पुढे केला. "बघू."

त्यांनी कागद नाकाजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. ओठ हलत होते. "एक हजार ऐंशी भरली," ते पुटपुटले. "एक मागे ठेवलं. म्हणजे गेली एक हजार एकोणऐंशी." त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे पाणावलेले असत, पण आकड्यांसाठी अजून लख्ख होते. "थोरले, तू इथे ऐंशी का लिहिलंस?"

हा प्रश्न तिला कधी तरी कोणी तरी विचारेल म्हणून ती किती तरी रात्री उत्तर जुळवत बसली होती. जुळवलेलं एकही आठवलं नाही.

"रागात," ती म्हणाली. "सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी म्हणत होते, मला सहावा महिना आहे, भाऊजींचा ताप उतरला की भाऊजी जातील, तुम्ही थांबा. ते म्हणाले, अण्णांनी सांगितलंय. मी तशीच कागद लिहायला बसले. मागे ठेवलेलं एक वजा करायचं राहून गेलं. एवढंच. एक वजा करायचं राहिलं."

"मग?" अण्णा म्हणाले.

"मधल्या बंदरात माल एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जायचा होता. तिथे मोजला. कागदावर ऐंशी, मोजून एकोणऐंशी. दुसऱ्या बोटीवाल्यांनी घेतला नाही. तिथून ह्यांचा टेलेक्स आला माझ्या टेबलावर." तो तिला तोंडपाठ होता. "'एक खोकं कमी भरतंय. दोनदा मोजलं. कागद दुरुस्त करून पाठव. तोवर मालाजवळ थांबतो.' मी वही काढून पाहिली, माझी चूक लगेच दिसली. दोन ओळींचं उत्तर होतं. मी नाही पाठवलं."

"का?" पानाने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"म्हटलं, थांबू दे. मला इथे थांबवून गेलेत ना, थांबू दे दोन दिवस त्यांनाही." थोरलीने हात मांडीवर ठेवले. "तिसऱ्या दिवशी पाठवलं. तिकडून उत्तर आलं, असा माल इथे नाही. असा माणूस इथे नाही. दुसरी बोट निघून गेली होती. पहिलीवाले म्हणाले, आम्ही उतरवून दिला. मधे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं बोटीवर काही तरी झालं. बोटीवर नाही. धक्क्यावर. माझ्या उत्तराची वाट बघत."

मशीन खाकरलं. पाना भिंतीला टेकली. तिने पाना टेबलावर ठेवला, जाऊबाईंच्या स्वच्छ टेबलावर, आणि जाऊ काही बोलली नाही.

"आणि आता 'पूर्ण' लिहून आलंय," थोरली म्हणाली. "ऐंशी. मोजून घेतलीत असं लिहिलंय. मी सही कशावर करू? ऐंशी इथून गेलीच नाहीत. एक इथे आहे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या शब्दाची वाट पाहत होती, एखादा कठोर शब्द, जो या घरात सगळ्यांच्या वाट्याला आला होता आणि तिच्या कधीच नाही. ते एवढंच म्हणाले, "दार उघडा. मोजून घेऊ."

कडीच्या कुलपाची किल्ली थोरलीच्याच कमरेला असायची. दुसरी नव्हती. सात वर्षांपूर्वी आतला दिवा बदलला, त्यानंतर दार उघडलेलं नव्हतं. कडेकडेने बर्फाची जाड शिवण बसली होती. पानाने ती हातोडीने ठोकून फोडली. मग दीर आणि पाना, दोघांनी कडी धरून ओढली. दार चिकटलेलं तोंड उघडावं तसं उघडलं आणि पांढरी वाफ जमिनीवरून त्यांच्या पायांत आली.

आतला दिवा लागेना, म्हणून जाऊने टॉर्च मारला.

जमिनीवर बारीक मिठासारखं हिम पसरलेलं होतं. त्यावर एकही पाऊल नव्हतं, एक ओरखडा नव्हता. पॅलेटवर बोटभर जाडीचा पांढरा थर साचला होता. आणि मधोमध एक चौकोन, उघडा, कोरडा, लाकडाच्या रेषा दिसणारा. कडा सुरीने कापल्यासारख्या. त्या चौकोनात हिमाचा एक कणही नव्हता. जणू एवढ्यात, आत्ताच, कोणी खोकं उचललं होतं.

कोणीच आत गेलं नाही. पानाने दारातूनच हात लांब करून हवेत वीत मोजली. "खोक्याएवढंच आहे," ती म्हणाली. "आई, सकाळी होतं का?"

"मी थर्मामीटर वाचते. काचेतून तेवढाच दिसतो." थोरलीला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मी इतकी वर्षं थर्मामीटरच वाचत होते."

"कोणी काढलं?" दीर म्हणाला. "किल्ली एक. बर्फ आत्ता फोडला. काढलं कोणी?"

जाऊने त्याचा हात धरून त्याला मागे घेतलं.

अण्णांची खुर्ची उंबऱ्याशी आणली गेली. त्यांनी टॉर्चच्या उजेडात तो चौकोन पाहिला. मग हातातला कागद पाहिला.  "पूर्ण भरली म्हणायची," ते म्हणाले. "कर सही, थोरले."

पेनातली शाई तिथे थंडीत उतरेना. जाऊने कोटाच्या खिशातून पेन्सिल दिली. थोरलीने कागद दारावरच टेकवला आणि 'पोच मिळाली' लिहून सही केली. चोवीस वर्षांच्या मुलीची गोल सही होती वर, आणि खाली ही. दोघींची ओळख असेल असं वाटत नव्हतं. दिराने कागदाचा फोटो काढून पाठवला. पोचल्याची खूण लगेच दिसली.

त्या दिवशी टेबलाशी बसून खायला काही नव्हतं. अण्णा म्हणाले, राहू द्या, खाणाऱ्याने खाल्लं असेल.  त्यांना घरी नेऊन झोपवलं.

दुपारी दोन वाजता पानाने मशीन बंद केलं. शेवटचं खाकरून ते थांबलं, आणि आवारातली माणसं काम सोडून एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ते मशीन गप्प असलेलं जन्मात ऐकलं नव्हतं. शीतगृहात उघडं दार म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा, आणि दारावरून थोरलीइतकं माणसांना कोणी रागे भरलं नव्हतं. आज तीच म्हणाली, दार सताड उघडं राहू दे.

चारला पाना आली तेव्हा थोरली दारासमोर उपड्या क्रेटवर बसली होती, पायांवर शाल घेऊन. पानाने आत पाहिलं. मग तिने दारातून हात घालून थर्मामीटर नखाने टिचकावून पाहिला.

"अजून वजा अठरा," ती म्हणाली. "दोन तास झाले. दार उघडं आहे, बाहेर ऊन आहे. आतापर्यंत तापमान बरंच चढायला हवं होतं."

"मशीन नक्की बंद आहे?"

"आई, मी वायर कापलीय. मशीनच्या अंगाला हात लावून बघ, गरम झालंय उन्हाने." ती थोडा वेळ उभी राहिली. मग दुसरं क्रेट ओढून शेजारी बसली, जरा अंतर ठेवून. "मी तुझ्यावर रागावलेय."

"हो."

"खूप रागावलेय. कधी जाईल राग सांगता येत नाही."

"बरं."

"नुसतं बरं काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? मी राग धरून बसले होते दोन दिवस, तर काय झालं ते तू ऐकलंस. तू धर. पण उत्तर देत जा."

पाना हसली नाही, पण नाकातून एक आवाज आला. तिने शालीचं एक टोक ओढून आपल्या गुडघ्यांवर घेतलं.

पाच वाजले. शेवटच्या पाळीची माणसं हात धुऊन निघाली. जाताना या दारासमोरून कोणी गेलं नाही, सगळे हॉलला वळसा घालून गेले. ऊन तिरकं होऊन उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. आतून थंडी येतच होती. वारा नव्हता, तरी ती एका चालीने येत होती, येऊन त्यांच्या घोट्यांपाशी थबकत होती, आणि मागे सरत होती. कोणी तरी दाराच्या आतल्या बाजूला उभं राहून श्वास घ्यावा तशी. पानाच्याही ते लक्षात आलं होतं. तिने आईचा हात धरला.

"काय हवंय?" ती कुजबुजली. "सही तर झाली."

थोरली उठली. शाल खाली पडली. ती उंबऱ्याशी गेली, आत नाही, उंबऱ्याशीच. तिला एकाएकी लाज वाटली, कारण ती अठ्ठावन्नची होती आणि आत जो कोणी असेल तो गेला तेव्हाइतकाच, एकोणतीसचा. तिचे केस पांढरे झाले होते. त्याला ओळख पटेल की नाही कोणास ठाऊक. त्याने उत्तर मागितलं होतं आणि तिने ते तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं, कंपनीच्या कागदावर, कोरड्या दोन ओळींत. त्याला स्वतःला ते दिलंच नव्हतं.

"अहो," ती म्हणाली.

थंडी थबकली.

"तुम्ही बरोबर मोजलंत. एकोणऐंशीच होती. दोनदा काय, शंभरदा मोजली असती तरी तेवढीच भरली असती. चूक माझ्या कागदात होती. मला त्याच दिवशी कळलं होतं." तिने दाराच्या चौकटीचा आधार घेतला. "तुम्ही नका थांबू आता."

आत बराच वेळ काही झालं नाही. मग छतावरून, खूप आतून, एक थेंब पडला. त्या खोलीत पाण्याचा आवाज कधी झालेला नव्हता, त्यामुळे तो कसला आहे हे दोघींना लगेच कळलं नाही. मग दुसरा पडला. मग पॅलेटवरच्या त्या कोरड्या चौकोनात तिसरा, आणि लाकूड तेवढ्या जागी काळं झालं.

पाना दार ओढायला सवयीने पुढे झाली. थोरलीने तिचा हात धरून ठेवला.